समोरासमोरच्या भिंती

आमच्या गल्लीत सुलोचना दिघे यांना सगळे वहिनी म्हणतात, वयानं मोठे असलेलेसुद्धा. याचं कारण त्यांचे यजमान. कृष्णराव दिघे सरकारी शाळेत गणिताचे मास्तर होते आणि गल्लीतल्या प्रत्येक घरातलं निदान एक पोर त्यांच्या हाताखालून, म्हणजे त्यांच्या हातचा मार खाऊन, पुढे गेलेलं. ते सगळ्यांचे सर. सरांच्या बायकोला नावानं हाक मारायची कोणाची छाती? म्हणून वहिनी. मी त्यांच्या शेजारी राहते. माझा जन्म टेलिफोन खात्यात गेला, त्यामुळे दुसऱ्यांचं बोलणं ऐकायची सवय आहे आणि ती निवृत्तीनंतरही सुटलेली नाही.

वहिनी अंगानं भरलेल्या, स्वभावानं मोकळ्या. सकाळी कचरागाडीचं गाणं वाजलं की एका हातात ओला कचरा, दुसऱ्या हातात सुका, आणि गाडी पुढच्या गल्लीत वळेपर्यंत चार घरच्या बातम्या गोळा. पण स्वतःबद्दल एक गोष्ट त्या हसत हसत सांगायच्या, ती मला कधी आवडली नाही. "मला मेलीला काही सरळ करताच नाही येत, यमुना," असं म्हणायच्या. सतरंजी घातली की तिरकी, पलंग ओढला की भिंतीशी फट, कपाटामागे पाचरीसारखी जागा, आणि त्या जागेत पडलेले चमचे आणि जपमाळा. आपल्या वेंधळेपणाचे किस्से त्या इतके रंगवून सांगत की ऐकणारा पोट धरून हसे. मीही हसले आहे.

त्यांच्या या वेंधळेपणाचं मूळ समजायला आमच्या प्लॉटांची गोष्ट सांगायला हवी. ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. अन्नपूर्णा रोडच्या मागे, नाल्याच्या अलीकडे एक शेत होतं आणि त्याचे प्लॉट पडत होते. आम्ही काही मराठी कुटुंबांनी मिळून त्यातली एक ओळ घ्यायची ठरवली. कोणी मिलमधलं, कोणी रेल्वेतलं, कोणी कारकून. जमिनीतलं कोणालाच काही कळत नव्हतं, तेव्हा मोजायचं काम एकमतानं सरांकडे गेलं. आपल्यातच गणिताचा मास्तर असताना पटवाऱ्याच्या, म्हणजे तलाठ्याच्या, मिनतवाऱ्या कशाला, असा विचार. सर एका रविवारी फीत घेऊन आले, उन्हात उभं राहून प्रत्येक प्लॉटच्या चारही बाजू मोजल्या. पुढची तीस फूट, मागची तीस. डावी पन्नास, उजवी पन्नास. समोरासमोरच्या बाजू समान आहेत, चोख आयत आहे, असं त्यांनी सांगितलं आणि आम्ही सगळ्यांनी तिथेच उभ्यानं कचोऱ्या खाल्ल्या.

ज्यांना भूमितीचं वावडं आहे त्यांच्यासाठी सांगते. जुनी खाट आठवा. तिचे सांधे ढिले झाले की एका कोपऱ्याला ढकलल्यावर सगळी चौकट एका अंगाला कलते. चारही दांड्यांची लांबी तीच, समोरासमोरच्या दांड्या एकमेकींना समांतरही राहतात, पण कोपरे बिघडतात. दोन कोपरे चिंचोळे होतात, दोन फाकतात, आणि आतली जागासुद्धा थोडी कमी होते. यालाच समांतरभुज चौकोन म्हणतात. नुसत्या बाजू मोजून त्याचं बिंग कधी फुटत नाही. त्यासाठी या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत तिरकी फीत धरावी लागते. आयत असेल तर दोन्ही तिरकी मापं, म्हणजे कर्ण, सरांच्या हिंदी शाळेत विकर्ण, सारखे भरतात. तो कललेला असेल तर एक लांब, एक आखूड. हे सरांनी वर्षानुवर्षं पोरांना शिकवलं होतं. त्या रविवारी मात्र कर्ण धरायचे राहिले. पुढचा रस्ता नाल्याच्या कडेनं गेला होता आणि प्लॉटच्या हद्दी शेताच्या जुन्या बांधावरून काढल्या होत्या. रस्ता आणि बांध एकमेकांना काटकोनात नव्हते आणि आमचे सगळेच्या सगळे प्लॉट कललेल्या खाटा होते.

हे पहिल्यांदा आमच्या घराचा पाया घालताना उघडकीला आलं. मिस्त्रीनं कोपऱ्यात गुनिया, म्हणजे त्याचा लोखंडी काटकोन, लावून पाहिला आणि मान हलवली. त्या संध्याकाळी आमच्या अंगणात बाकीच्या घरांतली पुरुषमंडळी जमली. थोडी आदळआपट झाली, पण शेवटी ठरलं की सरांना कोणी काही बोलायचं नाही. गरिबांच्या पोरांना फुकट शिकवणारा माणूस, हौसेनं उन्हात उभा राहिला, त्याला तोंडावर काय सांगायचं? मग सगळ्यांनी आपापली घरं सरळ बांधली आणि दोन्ही अंगांना उरलेल्या त्रिकोणी पट्ट्यांत तगर, कढीपत्ता लावून टाकला. सरांनी विचारलंच तर बगीचा आहे म्हणायचं. सरांनी कधी विचारलं नाही.

कारण त्यांनाही कळलं होतं. त्यांच्या मिस्त्रीनंही सांगितलंच असणार. पण पट्टी सोडली असती तर चूक झाली हे चारचौघांत दिसलं असतं. म्हणून त्यांनी प्लॉट जसा, तसंच घर बांधा असा हुकूम सोडला आणि हद्दीच्या रेषेवर भिंती उभ्या केल्या. प्रत्येक खोली कललेली. जमीनही साध्या सिमेंटची केली, कारण फरशी बसवली असती तर तिच्या रेषा भिंतींशी भांडल्या असत्या. वहिनी तेव्हा आईच्या आजारपणात देवासला होत्या, त्या थेट वास्तुशांतीला आल्या. घराचं काय ते त्यांना सरांनी सांगितलं असेल, असं आम्ही सगळेच धरून चाललो. ज्या बाईला त्या घरात दिवसरात्र राहायचं तिला हे माहीत नसेल, असं कोणाच्या मनातही आलं नाही.

त्याआधी जेल रोडला भाड्याच्या खोलीत राहत असताना वहिनी शिलाई करायच्या. पडदे, गाद्यांच्या खोळी, मोठं मोठं काम. त्यांची एक रीत होती, ती त्यांनी आईकडून उचललेली. कापड खोलीच्या कोपऱ्यात पसरायचं, एक काठ या भिंतीला भिडवायचा, आणि दुसऱ्या भिंतीला धरून कात्री सोडायची. खोलीचा कोपरा हाच त्यांचा काटकोन. खडू नाही, पट्टी नाही, आणि खोळ अशी बसायची की गादी त्यातच भरून आली असं वाटावं. नव्या घरात आल्यावर त्याच हातानं, त्याच रीतीनं कापलेल्या खोळी तिरक्या निघू लागल्या. गिऱ्हाइकं परत घेऊन यायची. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, नव्या घराला नजर लागली. मला शिलाईतलं ओ की ठो कळत नाही, मी काय बोलणार?

सर मात्र बोलले, हे मला वहिनींच्या मुलीकडून अगदी अलीकडे कळलं. वहिनींनी भिंतींबद्दल शंका काढली तेव्हा त्यांनी फीत त्यांच्याच हातात दिली. मोज म्हणाले. वहिनींनी मोजलं. ही भिंत बारा फूट, समोरची बारा. ही दहा, तिच्या समोरची दहा. मग सरांनी वर्गात विचारावं तसं विचारलं की सांग, घर कुठं चुकलंय? वहिनींनी फीत गुंडाळून परत दिली. पुढे कितीदा तरी असं झालं असेल. त्या मोजायच्या आणि दर वेळी घर बरोबर निघायचं, म्हणजे चुकत होत्या त्या. हळूहळू त्यांनी मशीन विकून टाकलं. हात गेला माझा, असं त्या मला एकदा गॅलरीत म्हणाल्या होत्या, आणि त्या वेळी हसल्या नव्हत्या.

यंदा गुढीपाडव्यानंतर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन चांगलं झालं, त्यात काही वाद नाही. दवाखान्यात वॉकर धरून त्या वऱ्हांड्याच्या टोकापर्यंत जात होत्या. घरी आल्या आणि झोपायच्या खोलीत अडकल्या. त्या खोलीचं दार एका अरुंद बोळात उघडतं आणि बोळ भिंतींबरोबर कललेला आहे. दारातून वॉकर बाहेर पडला की पुढे चिंचोळा कोपरा येतो, वॉकरचे पुढचे पाय तिथे रुततात, मागचे चौकटीला अडकतात, आणि मधे वहिनी. पुढे जाता येत नाही, वळता येत नाही. मागे यायचं तर कोणीतरी पाठीशी हवं. धडधाकट माणूस तिथून अंग चोरून रोज जातो, त्याला ते कळतही नाही. वहिनींना चार-पाचदा तिथे घाम फुटून परत यावं लागलं. मग खोलीतच कमोडची खुर्ची आली, जेवणाचं ताट आत जाऊ लागलं. मी म्हटलं, गल्लीतली पोरं बोलावते, उचलून हॉलमध्ये बसवू. तर म्हणाल्या, "चौघांनी उचलून न्यायची इतकी घाई नाही मला."

त्यांच्या खोलीची खिडकी माझ्या कढीपत्त्याच्या पट्टीवर उघडते, म्हणून आमचं बोलणं खिडकीतून चालायचं. आधी त्या खूप बोलायच्या. मग गाडीचं गाणं वाजलं की विचारायच्या, कोण कोण आलंय बाहेर. मग तेही थांबलं. ज्येष्ठात एकदा म्हणाल्या की खिडकी लावून घे, बाहेरचं दिसलं की जीव घाबरा होतो. पलंग, कपाट, खुर्ची, दार, आणि दारापलीकडे तो कोपरा. दिवसभर त्या कोपऱ्याकडे बघत बसायच्या. त्यांच्याकडे जाऊन आले की मला माझ्या स्वतःच्या घरात श्वास कोंडल्यासारखा व्हायचा, आणि मग राग यायचा.

व्यायाम शिकवायला अनुश्री नावाची मुलगी यायची. तिनं पहिल्याच आठवड्यात सांगितलं की भिंतीचा एवढा कोपरा फोडा, मावशी आरामात निघतील. डॉक्टरांनी बजावलं होतं की दिवाळीच्या आत त्या रोज बाहेर चालल्या नाहीत तर गुडघा धरून बसेल आणि पुढे चालणं सुटेल. वहिनींची मुलगी शर्वरी महूला असते, ती मिस्त्रीलाच गाडीत घालून घेऊन आली. सरांनी त्याला फाटकातूनच परत पाठवला. म्हणाले, भिंतीवर छताचा भार आहे. कसला भार? अर्ध्या विटेची भिंत ती. पण मिस्त्री आत आला असता तर गुनियाही आत आला असता. शर्वरी त्या दिवशी वडिलांशी भांडून गेली, आणि नवल म्हणजे वहिनींनी सरांची बाजू घेतली. घरात काही खराबी नाही ग, म्हणाल्या, माझाच वॉकर तिरका पडतो. मला वाटलं, त्या नवऱ्याला सांभाळून घेतायत. सर त्यांना रोज सकाळी दारात उभे राहून शिकवायचे. उजवा हात पुढे, आता डावा, पुन्हा तिरका धरलास. मला ते भिंतीपलीकडून ऐकू यायचं आणि मी कुकरची शिट्टी मुद्दाम जास्त होऊ द्यायची.

श्रावणात कपडे वाळेनात. सरांनी खोलीत मच्छरदाणीच्या खिळ्यांना एक दोरी बांधून दिली होती. चार कोपऱ्यांत चार खिळे होते, त्यातल्या दोन खिळ्यांना, खोलीच्या एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात. पण ती पलंगावरून जायची आणि ओले परकर वहिनींच्या अंगावर टपकायचे. मी पोहे घेऊन गेले होते, तर म्हणाल्या की दोरी जरा दुसऱ्या दोन कोपऱ्यांना बांधून दे. मी एक टोक सोडलं, दुसरं सोडलं, पलीकडच्या खिळ्याला गाठ मारली आणि दोरी घेऊन समोरच्या कोपऱ्याकडे निघाले. पोचायच्या आधीच ती संपली. दीड-दोन हात कमी पडली.

वहिनींना वाटलं, मी कुठे गुंडाळली. मी दाखवली, नाही गुंडाळली. त्यांनी पुन्हा पहिल्या कोपऱ्यांना लावून बघायला सांगितलं. तिथे बरोबर बसली, गाठीपुरती उरलीसुद्धा. पुन्हा दुसऱ्या कोपऱ्यांना नेली, पुन्हा कमी. वहिनी पलंगावर सरळ होऊन बसल्या. इतक्या महिन्यांत त्यांचा चेहरा मी तसा पाहिला नव्हता. त्यांनी सरांना हाक मारली.

सर हॉलमधून पेपर हातात घेऊनच आले. मी दोरीचं टोक धरून तशीच उभी होते. वहिनींनी विचारलं, "ही दोरी इकडे पुरते आणि तिकडे नाही पुरत. खोली तर तीच आहे ना?"

सरांनी दोरीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. हवा दमट आहे, दोरी आखडली असेल, असं काहीतरी ते म्हणाले. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं की सर, नायलॉनची आहे.

वहिनींनी माझ्या हातातलं दोरीचं टोक मागून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "तुमची ट्यूशनची पोरं बाहेर घोकायची आणि मी आत पोळ्या लाटायची. आयत के दोनों विकर्ण बराबर. इतक्या बार ऐकलं की मलाही पाठ झालं. मग इथे का नाही बराबर?"

सर कमोडच्या खुर्चीच्या कडेवर बसले. पेपर घडी घालत राहिले. त्यांना पुन्हा काही सांगता आलं असतं. मला वाटलं, सांगतील. पण ते म्हणाले, "हा आयत नाही."

"मग?"

"समांतरभुज चौकोन आहे."

"कधीपासून?"

हा प्रश्न इतका साधा होता की मला हसू यायला हवं होतं. सरांनी मान खाली घातली आणि पायापासून, असं सांगितलं. मग एकेक सांगत गेले. प्लॉट मोजला तो रविवार, मिस्त्री, सिमेंटची जमीन. वहिनींनी मधे फक्त एकदा तोंड उघडलं.

"आणि माझ्या खोळी?"

"त्या या कोपऱ्यांमुळे," सर म्हणाले. "तुझं काही चुकत नव्हतं."

मला तेव्हा कळलं की या बाईला काहीच माहीत नव्हतं. वॉकर, सतरंजी, खोळी, सगळं एका दमात माझ्या डोक्यात जागच्या जागी बसलं. वहिनी माझ्याकडे वळल्या आणि विचारलं की तुला ठाऊक होतं का? मी म्हटलं, "सगळ्या गल्लीला ठाऊक आहे, वहिनी. मला वाटलं, तुम्हालाही असेलच." सरांनी झटकन मान वर केली. सगळ्या गल्लीला ठाऊक आहे हे त्यांना आत्ता कळत होतं. ज्या गोष्टीसाठी त्यांनी बायकोला वेंधळी ठरवलं, मिस्त्रीला फाटकातून हाकललं, ती गोष्ट झाकलेली कधी नव्हतीच. पण वहिनींचं त्यांच्याकडे लक्ष नव्हतं. त्या आपल्या दोन्ही हातांकडे बघत होत्या, उलटेसुलटे करून, कोणाचे आहेत ते ओळखायचं असल्यासारखे. मग म्हणाल्या की मिस्त्रीला आत्ता फोन करा.

दुसऱ्या दिवशी कोपरा फुटला. मिस्त्रीला दुपारपर्यंतचा वेळसुद्धा लागला नाही. छत होतं तिथेच राहिलं. धूळ बसल्यावर वहिनींनी वॉकर पुढे टाकला. सर शिकवायला दारात उभे होते, त्यांना त्यांनी हातानं बाजूला व्हायला सांगितलं. दार, बोळ, हॉल, पायरी, फाटक. एकदाही अडकल्या नाहीत. गल्लीतल्या बायका आपापल्या फाटकात आल्या होत्या, कोणीतरी टाळ्याही वाजवल्या, पण वहिनींनी कोणाकडे पाहिलं नाही. रस्त्यावर शर्वरीची गाडी उभी होती. तिला त्यांनी रात्रीच फोन करून बोलावलं होतं. सरांना ते माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

शर्वरीनं आईला पुढच्या सीटवर बसवलं आणि वॉकर मागे ठेवला. सर गाडीच्या दाराला हात लावून उभे राहिले. सगळी गल्ली ऐकते आहे याची त्यांना त्या दिवशी पर्वा नव्हती. त्यांनी विचारलं, "परत कधी येशील?"

वहिनी रागावलेल्या दिसत नव्हत्या. त्या विचार करून बोलल्या. "तुम्ही सांगितलं म्हणून मी इतकी वर्षं स्वतःला मूर्ख समजले. पूर्ण जिंदगी निघून गेली ना त्यात. आता तुमचं काही खरं वाटायला वेळ लागेल मला. कितना, ते नाही सांगता येत."

गाडी गेली. आम्ही सगळे तिथेच उभे होतो. सर माझ्याजवळ आले. म्हणाले की सगळ्यांना ठाऊक आहे हे तुमच्यापैकी एकानं जरी मला तेव्हा सांगितलं असतं तर ही आज घरात असती. मला वाईट वाटत होतं आणि रागही येत होता, दोन्ही खरं आहे. मी म्हटलं की आम्ही तुमचा मान राखला, सर, पण तिला सांगायला तर तुम्हाला आमची गरज नव्हती. ते आत गेले.

याला आता चार महिने होतील. वहिनी महूला रोज सकाळी चालतात, गुडघा मोकळा झाला आहे, शर्वरी सांगते. इथे त्यांच्या खोलीत सर बसलेले असतात, पलंगावर, दाराकडे तोंड करून. कचरासुद्धा कामवाल्या बाईच्या हाती बाहेर पाठवतात. दिवाळीला गल्लीतल्या प्रत्येक घरानं फराळाला बोलावलं तर म्हणाले, कुठल्या तोंडानं येऊ? मी खिडकीतून म्हटलं की याच तोंडानं या, आम्ही तेच इतकी वर्षं बघत आलोय. ते हो म्हणाले, पण आले नाहीत.